श्रीपतीने आप्पांना वाचवलं

एका तालुक्याच्या गावात एक भोळा विद्यार्थी राहत होता. त्याचं नाव श्रीपती. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि दिगंबरआप्पांच्या माडीवरची भाड्याची खोली त्याला काही करून टिकवायची होती. आगीबद्दल आप्पांना सगळं ठाऊक होतं. फक्त ते पेटल्यावर सांगायचे.

एकदा पापड तळताना कढईतलं तेल पेटलं. श्रीपतीने त्यात तांब्याभर पाणी ओतलं. भडका छताला भिडला.

"गाढवा, झाकण ठेवायचं!" आप्पा गरजले. "आगीला हवा मिळू द्यायची नाही!"

"आधी सांगायचं ना, आप्पा."

"एवढंही कळत नाही?"

श्रीपतीने मनावर कोरलं, हवा नाही.

दोन दिवसांनी खोलीत गॅसचा वास सुटला. श्रीपतीने खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि भूगोल वाचत बसला. आप्पांनी दार ढकलून त्याला बाहेर ओढलं.

"मरशील की रे! वास आला की दारं-खिडक्या सताड उघडायच्या!"

"असं होय!"

पुढच्याच सकाळी शेजाऱ्यांनी परसात पालापाचोळा पेटवला. जळका वास आला. श्रीपतीने वरच्या, खालच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. धूर घरभर झाला. आप्पांच्या बायकोला, काकूंना, ठसका आवरेना.

"धूर दिसला की माणसं बाहेर काढायची!" आप्पा खोकत ओरडले. "आधी म्हातारी माणसं! आणि बाहेर पडलं की सामानासाठी मागे फिरायचं नाही! आता एक जरी चूक झाली, तर खोली खाली!"

रविवारी आप्पांची साठीशांत होती. आप्पांच्या उपरण्याला काकूंच्या शालूची गाठ मारली होती. भटजींनी होम पेटवला. धूर निघाला.

श्रीपती जिन्यातच थबकला. घरात सगळ्यांत म्हातारं कोण, हे शोधावं लागलं नाही. त्यासाठीच तर पूजा होती. त्याने आप्पांना खांद्यावर टाकलं आणि धूम ठोकली. गाठीमागून काकूही फरफटत रस्त्यावर आल्या.

"होम होता तो, मूर्खा! सामान उचल आणि चालता हो!"

"सामानासाठी आत? छे, आप्पा!"

"मग मला तरी जाऊ दे!"

"आत काय आहे तुमचं?"

"माझी पूजा!"

"म्हणजे सामानच."

आतून भटजी ओरडले, "यजमान, तूप!"

श्रीपतीने आप्पांचं मनगट आणखी घट्ट धरलं.