ओल्या मडक्यावरची काठी

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा गावांना वेशी होत्या, वेशींना दारं होती, आणि ती दारं सांजेला लावावी लागत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. घाई मात्र करू नये, कारण गोष्ट घाईचीच आहे.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. पलीकडं डोंगर, डोंगरात खिंड, आणि त्या खिंडीतून दोन-तीन वर्षांआड लुटारू यायचे. म्हणून गावात तालीम होती. तांबड्या मातीची, वर गवतानं शाकारलेली. तिथं एक वस्ताद गावच्या पोरांना काठी शिकवायचा.

तीन वर्षं शिकवायचा. पहिल्या वर्षी नुसतं उभं राहायला. दुसऱ्या वर्षी काठी फिरवायला. आणि तिसरं सगळं वर्ष काठी थांबवायला. पोरांना दुसरं वर्ष आवडायचं. तिसरं कुणालाच आवडायचं नाही.

तिसरं वर्ष सरलं की दसऱ्याच्या सकाळी परीक्षा असायची. गावची कुंभारीण चाकावरून नुकतंच उतरवलेलं मडकं घेऊन यायची. ओलं, नुसतं बोट लावलं तरी खळगा पडेल असं. ते तालमीच्या मधोमध चौरंगावर ठेवायचं. पोरानं डोक्यावरून पुऱ्या जोरानं काठी आणायची आणि मडक्याला टेकवून थांबवायची. काठीला ओला चिखल लागला पाहिजे, आणि मडक्याला खोक पडता कामा नये.

काठी कोरडी निघाली की कुंभारीण म्हणायची, "लांबूनच थांबलास की रे! मडकं काय चावतंय तुला?"

मडकं चेपलं की म्हणायची, "झालं! माझी सकाळ मातीत घातलीस. जा, अजून वर्षभर माती तुडव."

ज्याचा हात नेमका थांबे, त्याचं मडकं ती भाजून त्याच्या आईला नेऊन देई. मग घर त्याच मडक्यातलं पाणी पिई. गावात एक रीत होती. मुलीचा बाप सोयरीक बघायला आला की उंबऱ्यात बसायचा आणि आधी पाणी मागायचा. त्या मडक्यातलं. पाणी पिऊन झालं की मगच बोलणं. असं का, ते हळूहळू सगळे विसरले. रीत तेवढी राहिली.

मग राजानं खिंडीत चौकी बसवली. चौकीवर बंदुकवाले आले. पहिल्याच साली लुटारू आले, दोन बार ऐकले आणि परत फिरले. पुन्हा कधी आले नाहीत.

गावचा पाटील तेव्हा तरणा होता. त्यानंही लहानपणी त्याच तालमीत काठी धरली होती, त्याच्याही आईच्या घरात मडकं होतं. तो एक दिवस चार माणसं घेऊन तालमीत आला.

"वस्ताद, राग मानू नका," पाटील म्हणाला. "पण आता या काठीचं काय काम? तिकडं डोंगरावर बंदूक आहे. इकडं पोरं तीन-तीन वर्षं माती उडवत बसतात. तेवढ्यात चार शेतं नांगरून होतील."

"बंदुकीपुढं काठी चालत नाही," वस्ताद म्हणाला. "हे मला तुझ्याआधी ठाऊक आहे."

"मग?"

वस्ताद हातातली काठी पुसायला लागला.

कोपऱ्यात कुंभारीण माती मळत होती. तिला राहवेना. "अहो वस्ताद, बोला की! त्यानं 'मग' म्हटलंय."

वस्तादाच्या मनाला लागलं होतं. आपण ज्याला हात धरून शिकवलं, त्यानंच विचारावं? तो म्हणाला, "ज्यानं स्वतः मडकं राखलं, त्याला मी काय सांगू?" आणि काठी भिंतीला टेकवून घरी गेला.

पाटील वाईट नव्हता. वस्तादही वाईट नव्हता. एकानं विचारलं, दुसऱ्यानं सांगितलं नाही, एवढंच झालं.

तालमीत कडबा भरला. पण जत्रेला काठीचा खेळ पाहिजे, नाहीतर जत्रा सुनी वाटते. म्हणून बाहेरगावचा एक खेळवाला आणला. त्यानं महिनाभरात पोरांना काठी गरगर फिरवायला शिकवलं, तलवारीनं तळहातावरचं लिंबू कापायला शिकवलं. खूप टाळ्या पडायच्या. पोरांना वाटायचं, हीच विद्या. आणि थोरांनाही तसंच वाटायचं, कारण टाळ्या तर तेच वाजवत होते.

पाटलाला दोन मुलगे होते, खंडू आणि सुभाना. खंडू थोरला. त्याचा हात विजेसारखा चाले. एका जत्रेत त्यानं सुभानाच्या तळहातावर लिंबू ठेवून एका वारात दोन फोडी केल्या. सुभानाच्या हाताला ओरखडासुद्धा नाही. लोकांनी पागोटी उडवली.

गर्दीत वस्ताद उभा होता. पाठीत वाकलेला. तो पुढं आला आणि म्हणाला, "खंडू, छान रे. आता तेवढ्याच जोरानं वार कर, आणि लिंबू न कापता दाखव."

खंडू हसला. "वस्तादबाबा, न कापलेलं लिंबू बघायला कोण येईल?"

लोक हसले. सुभाना सगळ्यांत मोठ्यानं हसला. वस्तादही थोडा हसला आणि घरी गेला. दुसऱ्यांदा बोलायची वेळ आली होती, दुसऱ्यांदाही तो बोलला नाही.

वर्षं गेली. मुलगे कर्ते झाले, त्यांची लग्नं झाली. त्यांच्या सोयऱ्यांना पाणी पितळी तांब्यातून दिलं गेलं. पाटलाच्या आईचं ते जुनं मडकं केव्हाच माळ्यावर गेलं होतं. भावांनी शेत वाटून घेतलं, पण पाट एकच होता. पाटाचं पाणी पाळीनं घ्यायचं. चिंचेची सावली बांधावर आली की खंडूची पाळी संपायची आणि सुभानाची सुरू व्हायची.

एका साली पाऊस ओढून धरला. पाटाला पाणी करंगळीएवढं. खंडूचा शेवटचा वाफा अर्धाच भिजला होता, सावली बांधापासून अजून हातभर लांब होती, आणि सुभानानं येऊन आपल्या वाफ्याचं दारं उघडलं, पाणी आपल्याकडं वळवलं.

"ए, सावली आली नाही अजून," खंडू ओरडला.

"येतेच आहे की. तुझ्यासाठी काय चिंच उपटून आणू?"

"सुभाना, दारं बंद कर."

"नाही करत. काय करशील?" सुभाना चिखलात उभा राहून हसत होता. लहानपणापासून त्याचं हसणं तसंच होतं, समोरच्याला चिडवणारं, पण आतून गोड. त्यानं ओला तळहात पुढं केला. "ये, लिंबू काप!"

खंडूच्या हातात गुरं हाकायची काठी होती. त्यानं ती उगारली. सुभाना वाकून खंडूच्या बाजूच्या दार्‍यावर माती ओढायला लागला, त्याला वाटलं दादा नुसता उगारतोय. खंडूलाही तसंच वाटलं होतं.

काठी कानाच्या वर बसली.

सुभाना पाटातच पडला. त्याच्या अंगानं पाणी अडलं आणि दोन्ही शेतांत पसरलं.

तो तीन दिवस होता. वैद्य आला, जडीबुटी झाली, देवाला कौल लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. एकदाच डोळे उघडून म्हणाला होता, "दादाला म्हणावं, सावली आली नव्हती. माझंच चुकलं."

खंडू ओसरीवर बसून होता. पाटील त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा," खंडू म्हणाला, "मला मारायचं नव्हतं. मी काठी नुसती उगारली. हात थांबेना, बाबा. मी थांब म्हणालो, पण हात थांबेना."

पाटलानं वर डोंगराकडं पाहिलं. चौकी तशीच होती. बंदुका तशाच होत्या. त्यांची तोंडं खिंडीकडं होती, गावाकडं नव्हती. बाहेरून येणारं संकट त्यांनी खरंच अडवलं होतं. हे त्यांच्या पाठीमागं उगवलं होतं.

पंचांनी शिक्षा दिली. सुभानाचं शेत खंडूनं कसायचं, त्याचं घर चालवायचं, त्याची मुलं जेवल्यावर मग आपण जेवायचं. खंडूनं मान खाली घालून ऐकलं.

मग पाटील वस्तादाकडं गेला. वस्ताद अंगणात बसला होता. त्याचे हात आता कापायचे, पाण्याचं भांडं तोंडापर्यंत जाईतो निम्मं सांडायचं.

"वस्ताद, तालीम उघडतो," पाटील म्हणाला. "पुन्हा शिकवा."

"या हातांनी?"

कडबा काढला. आतली माती दगडासारखी झाली होती. कुंभारणीनं पाच-सहा ओली मडकी आणून ठेवली. वस्तादानं काठी पाटलाकडं दिली. "तुझा हात एकदा थांबला होता. तू दाखव."

पाटलानं काठी उचलली. डोक्यावरून आणली. मडकं पार चपटं झालं. गावातले आणखी चौघे होते, ज्यांनी तरुणपणी मडकी राखली होती. त्यांनीही करून पाहिलं. एकाचाही हात थांबला नाही. वीस वर्षांत हात विसरले होते.

कुंभारणीनं चपटी माती गोळा केली. कुणाला काही बोलली नाही. पहिल्यांदाच.

तेव्हा वस्ताद रडला. म्हणाला, "पाटला, तू 'मग' म्हणाला होतास. मी सांगायला पाहिजे होतं. लुटारू दोन-तीन वर्षांतून यायचे. राग तर रोज येतो. तालीम त्या रोजच्यासाठी होती. एवढंच सांगायचं होतं रे. मी रुसून बसलो."

"आणि मी पुन्हा विचारलं नाही," पाटील म्हणाला.

शेवटी शिकायला एकच जण आला. खंडू. त्यानं आपल्या हातांनी तालमीची माती खणली, चाळली. वस्ताद बसल्या जागेवरून तोंडानं सांगायचा, "खांदा सैल सोड. श्वास आधी थांबव, मग हात." दाखवता येत नव्हतं, त्यामुळं तीन वर्षांचं काम तीन वर्षांत झालं नाही. पाच झाली, सात झाली. मध्येच वस्ताद गेला. पाटीलही गेला. खंडूची आईही गेली. खंडू शेताकडं जाण्याआधी रोज सकाळी तालमीत जात राहिला. दर दसऱ्याला कुंभारीण मडकं आणायची आणि चेपलेली माती घेऊन परत जायची.

नवव्या दसऱ्याला काठी आली आणि थांबली.

कुंभारणीची नजर अधू झाली होती. तिनं काठीच्या टोकावरून बोट फिरवलं, बोटाला चिखल लागला. मग मडक्यावरून सगळीकडून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. "खोक नाही," ती म्हणाली.

तालमीत दुसरं कुणी नव्हतं. टाळी वाजली नाही. खंडूनं वळून पाहिलं. ज्याला दाखवायचं, जो सगळ्यांत मोठ्यानं हसला असता, त्याची जागा मोकळी होती.

"हे भाजून कुणाला देऊ?" कुंभारणीनं विचारलं. "तुझी आई तर राहिली नाही."

"सुभानाच्या घरी द्या," खंडू म्हणाला.

सुभानाच्या बायकोनं मडकं घेतलं. विहिरीचं पाणी भरून ते उंबऱ्यापाशी ठेवलं. खंडूशी मात्र ती बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. पण तिचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. खंडूनं त्याला आत घेतलं आणि पहिल्या वर्षाचा पहिला धडा दिला. नुसतं उभं राहायचा.

म्हणून सांगतो, वार करायची विद्या जुनी होते, वार आवरायची विद्या कधीच जुनी होत नाही.