एका जागी बसलेला डबा

एकदा घाटमाथ्यावरच्या एका वाडीत एक डबा आला. पांढरा, पाटीपुस्तकाएवढा, पोटात सिमकार्ड आणि कपाळावर एक बारीक दिवा. वाडीपर्यंत केबल ओढणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण मध्ये दरी होती, रान होतं आणि धरणाचं पाणी होतं. फोनला ज्या टॉवरवरून रेंज मिळते, त्याच टॉवरवरून हा डबा इंटरनेट घेतो आणि घरभर वाटतो, असं बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं. दिवा हिरवा असला तर उत्तम, केशरी असला तर चालेल आणि लाल झाला तर काहीच नाही. एवढं सांगून, डबा ओटीवरच्या खिडकीत ठेवून, उजेड आहे तोवर घाट उतरायचा म्हणून तो निघून गेला.

डबा मागवला होता केतकीनं. ती त्या घरची सून, शहरात शिकलेली. नवरा वाडीतलं दूध संकलन बघायचा आणि मुलगी मनू अजून रांगत होती. शहरातली एक शिकवणी-संस्था तिला घरी बसून मुलांना गणित शिकवू द्यायला तयार होती. अट एकच होती, तास मध्येच तुटता कामा नये. तुटत राहिला तर केतकीनं शहरात येऊन संस्थेतच शिकवावं, नाहीतर काम सोडावं. शहरात जायचं तर मनूला आजीजवळ ठेवून जावं लागणार होतं. ‘ठेवून’ हा शब्द केतकीच्या मनात आला की तिचा हात आपोआप मुलीकडे जाई. आई झालेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी. तिथं रेंज माणसाकडे येत नसे, माणूस रेंजकडे जात असे. प्रत्येक घराची आपली जागा ठरलेली होती. कुणाची विहिरीच्या कठड्याशी, कुणाची फणसाखाली, तर कुणाची गवताच्या गंजीवर चढून, तेही उगवतीकडे तोंड केलं तरच. नवी सून आली की तिला आधी पाणी कुठं ते दाखवत, मग गोठा, मग रेंज. ‘थांब, रेंजवर येते’ असं म्हणून बायका फोन घेऊन निघत, आणि बोलता बोलता आवाज तुटला की दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, हात वर, असं करत पुढचं बोलणं पार पाडत. वर्षानुवर्षं हेच चालल्यामुळे वाडीतल्या लोकांच्या पायांनाच ती सवय लागून गेली होती.

तीच सवय केतकीनं डब्याला लावली. दिवा हिरव्याचा केशरी झाला रे झाला की ती डबा उचले. ओटीवरून पडवीत, पडवीतून न्हाणीघराच्या भिंतीवर, तिथून गोठ्याच्या माळ्यावर. सासूबाईही मदतीला धावत. एकदा तर त्यांनी डबा सुपात ठेवून अंगणभर फिरवला आणि मनू ते बघून टाळ्या पिटत राहिली. प्रत्येक वेळी डबा बंद पडे, पुन्हा सुरू होई, लाल, मग केशरी, मग क्वचित हिरवा, आणि हिरवा टिकतोय का हे बघत केतकी त्याच्यासमोर उभी राही. डब्यावर तिची नजर मुलीपेक्षा जास्त आहे, असं एकदा नवरा म्हणाला. तो गमतीनं म्हणाला होता. तिनं ते गमतीनं घेतलं नाही.

पहिल्या तासाला व्हायचं तेच झालं. मुलं अपूर्णांक सोडवत होती, दिवा केशरी झाला, केतकीच्यानं राहवलं नाही. तिनं डबा उचलला आणि पलीकडच्या खिडकीत ठेवला. तेवढ्यात सगळं बंद पडलं. मुलांना पडद्यावर नुसतं गरगरणारं चक्र दिसत राहिलं. संस्थेच्या मुख्य बाई स्वतः तो तास बघत होत्या. त्यांनी फार सौम्य शब्दांत सांगितलं की येत्या सोमवारी आणखी एक तास घेऊन बघू आणि मग ठरवू. सौम्य शब्दांची केतकीला जास्त भीती वाटली.

वाडीत एक वृद्ध गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नव्हतं. शिकवायचं कसं, हे शिकायला केतकी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. गणित तिला येत होतं, पण येणं आणि शिकवणं यांतलं अंतर तिला नुकतंच कळू लागलं होतं. रविवारी तिनं त्यांना घरी बोलावलं आणि सगळी कहाणी सांगून विनवलं की एकदा घर फिरून, डब्याला सगळ्यात चांगली जागा कोणती ते तुम्ही तरी सांगा.

गुरुजी घर फिरले नाहीत. डब्याकडेही त्यांनी फारसं बघितलं नाही. त्यांनी सासूबाईंना विचारलं, “वहिनी, या घरात अशी जागा कोणती, की जिथली वस्तू कुणी कधी हलवत नाही?”

“माजघरातली झरोक्याजवळची फळी,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या लग्नातलं घंगाळ ठेवलंय तिथं. ठेवलं तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. आता उतरवलं तर आत काय निघेल सांगता येत नाही.”

घंगाळ उतरवलं गेलं. आत कोळ्याचं जाळं आणि एक जुना पाळण्याचा खुळखुळा निघाला, तो मनूनं लगेच तोंडात घातला. मिक्सरच्या जोडणीवरून वायर ओढून गुरुजींनी डबा फळीवर ठेवायला लावला. दिवा लाल झाला आणि बऱ्याच वेळानं केशरी. हिरवा काही झाला नाही. ओटीवर निदान मधूनमधून तरी हिरवा होतो, असं केतकी सांगू लागली. गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मग ते आरशापाशी गेले. आरशाच्या कडेला केतकीच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी त्यांनी काढली आणि नेमकी डब्याच्या दिव्यावर बसवली. दिवा दिसेनासा झाला.

“कुंकू लावलंत,” सासूबाई म्हणाल्या, “आता ओटीही भरते डब्याची.”

गुरुजी हसले आणि त्यांनी एवढंच सांगितलं की उद्याचा तास होईपर्यंत टिकली काढायची नाही आणि डब्याला हात लावायचा नाही. मग दारात बसून त्यांनी पोहे खाल्ले, खोबरं जरा कमी आहे असं म्हणाले आणि गेले.

केतकीला राग आला. मोठ्या माणसांचा राग आला की आपण घरातली भांडी जरा जोरात ठेवतो, तशी तिनं ती ठेवली. आपलं मूल आपल्यापासून तुटायची वेळ आली आहे आणि हे दिव्यावर टिकली लावून जातात. पण गुरुजींना ती हो म्हणून बसली होती. तिनं टिकली काढली नाही. रात्री झोपायच्या आधी तिनं ती बोटानं नुसती चाचपून बघितली, एवढंच.

सोमवारी तास सुरू झाला. मुख्य बाई बघत होत्या. मनू आजीजवळ होती. केतकीनं बीजगणितातलं एक उदाहरण मांडलं आणि ईश्वरी नावाच्या मुलीला विचारलं की पुढची पायरी कोणती.

ईश्वरीचा चेहरा पडद्यावर स्थिर झाला. डोळे किंचित वर, ओठ मिटलेले. काही हलेना.

गेलं, केतकीला वाटलं. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. पण जाऊन बघणार काय? दिवा तर टिकलीखाली होता. केशरी आहे की लाल, हे कळायला मार्गच नव्हता. नेट अडकलं असेल किंवा नसेलही. उठून काही करता येत नव्हतं, म्हणून ती परत बसली. आणि करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे तिनं प्रथमच त्या मुलीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

तेव्हा ईश्वरीनं पापणी लववली. “बाई,” ती सावकाश म्हणाली, “दोन्ही बाजूंतून तेवढंच वजा केलं तर? मग समान राहील ना?”

नेट अडकलं नव्हतं. मुलगी विचार करत होती.

त्यानंतर तास शेवटपर्यंत चालला. मध्ये एकदा आवाज खरोखरच चिरकला आणि आपला आपण सरळ झाला. तास संपल्यावर मुख्य बाई थांबल्या. त्या म्हणाल्या की नवे शिक्षक प्रश्न विचारतात आणि मूल गप्प राहिलं की घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तुम्ही थांबलात, हे मला फार आवडलं. तुम्ही तिथूनच शिकवा.

हे कौतुक आपलं नाही, असं केतकीला वाटलं. ते अंशतः टिकलीचं होतं. मनूला कडेवर घेऊन ती गुरुजींकडे गेली. गुरुजी अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसले होते. तिनं सगळं सांगितलं आणि विचारलं, “ती जागा चांगली आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं नव्हतं,” गुरुजी म्हणाले. “मला त्या डब्यातलं काही कळत नाही.”

डबा बंद पडला असता तर, असं तिनं विचारलं.

“तर बंद पडला असता,” गुरुजी म्हणाले. “पण मग जागेमुळे पडला असता, तुझ्या हातामुळे नव्हे. हा फरक तुला कळणं आवश्यक होतं. आपण इथली माणसं आयुष्यभर रेंजच्या मागे चालत आलो. फोन माणसाबरोबर चालणारी वस्तू आहे, तिला ते शोभतं. घरातला डबा मात्र बसणारी वस्तू आहे. त्यालाही चहूकडच्या टॉवरचे आवाज ऐकून घ्यावे लागत असतील, त्यांतला एक धरावा लागत असेल. त्याचं ऐकणं पुरं होण्याआधीच तू त्याला उचलत होतीस आणि जागेला नावं ठेवत होतीस. उत्तम जागा शोधण्यापेक्षा, राहू देण्याजोगी जागा देणं आणि मग थोडं थांबणं, एवढंच आपल्या हाती असतं. दिवा दिसत राहिला असता, तर तुला थांबता आलं नसतं. मलाही आलं नसतं. आज तुझ्या तासाच्या वेळी मी घड्याळाकडे पाठ करून बसलो होतो.”

शेवटचं वाक्य ऐकून केतकीला हसू आलं, आणि रविवारी आपटलेल्या भांड्यांची जरा लाज वाटली. मनूला कडेवरून खाली सोडून तीही शेंगांपाशी बसली. मनू अंगणभर रांगत सुटली. वाटेत ती थांबली. जमिनीवर हात टेकून, मान वळवून, कशाकडे तरी एकटक बघत राहिली. ती रडणार आहे, की काही तोंडात घालणार आहे, की पडणार आहे, हे समजत नव्हतं. केतकी उठणार होती. गुरुजी शेंगा निवडत होते.

केतकी बसून राहिली. जरा वेळानं मनूनं दोन्ही हात जमिनीवरून उचलले, ती डुलली, आणि पहिल्यांदाच आधाराशिवाय उभी राहिली.

आपल्या घरातलं कुणी गप्प झालं, की ते अडकलं असं समजून उचलायला धावण्याआधी, ते विचार करत असेल का, एवढं एकदा मनाशी विचारून बघावं. मी विचारून बघते आहे. रोज जमतंच असं नाही.