कोपऱ्यातलं पोतं

एका गावात एक कुंभारीण राहत होती. घरभर ओली मडकी वाळत घातलेली, पाय ठेवायला जागा नाही. तिची एकुलती एक पोर येसू रांगायला लागली, तशी तिने तिला कोपऱ्यात पोत्यावर बसवलं. हात लावू नको, उठू नको, मधे मधे विचारू नको. पोर गुणाची, सहा वर्षं बसून राहिली.

मग शाळेत घातली. गुरुजींनी काही विचारलं की ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायची. शेवटी गुरुजी म्हणाले, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, दिवाळीनंतर हिला घरीच ठेवा.

सासूने लगेच तोंड सोडलं. "आमच्यात कुणी मठ्ठ नव्हतं बाई. हे तुझ्या माहेरचं वाण."

कुंभारीण ऐकून घेणारी नव्हती. पण त्या दिवशी खाली मान घालून माती तुडवत राहिली. तिलाही मनातून तेच भ्या होतं.

पणत्यांची घाई आली, म्हणून येसूला महिनाभर मावशीकडे धाडलं. मावशीही कुंभाराच्याच घरी दिलेली. पण तिच्याकडे पोरांना उरलेला चिखल मिळायचा, आणि हात चालवता चालवता ती पोरांना विचारायची, हे का तडकलं असेल, मातीत राख कशाला घालतात. उत्तर चुकलं की हसायची आणि पुन्हा विचारायची.

येसू परत आली तेव्हा दारात गिऱ्हाईक माठ निवडत होतं. येसू पोत्यावर गेलीच नाही. तिने माठावर बोट वाजवलं.

"आई, हा देऊ नको. बद्द वाजतोय."

सासू खेकसली. कुंभारणीने मात्र माठात पाणी ओतलं. थोड्या वेळाने बुडाशी थेंब धरला.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी नाही. मावशीकडे मी लई मडकी वाजवली. दोन फोडली पण."

"मग मावशी रागावली असेल."

"नाही. म्हणाली, आता का फुटलं ते सांग."

 कुंभारणीच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि डोळ्यांना धार लागली. मग पदराने नाक पुसून सासूला म्हणाली, "आत्याबाई, माहेर तर आम्हा दोघी बहिणींचं एकच. खोट वाणात नव्हती, त्या पोत्यात होती. आणि ते पोतं मी अंथरलं."

दुसऱ्या दिवशी ती पोरीबरोबर शाळेत गेली आणि गुरुजींना म्हणाली, आता विचारा. येसूने दोन उत्तरं बरोबर दिली, एक चुकवलं, आणि चुकलं ते का चुकलं म्हणून गुरुजींनाच विचारलं. तिचं नाव शाळेत राहिलं.

त्या पोत्यात आता कुंभारीण राख भरते. महिन्याला चार मडकी फुटतात. फुटू देत.

तात्पर्य: पोराला मठ्ठ म्हणण्याआधी, आपण त्याला कुठे बसवून ठेवलंय ते बघावं.