शीट कुठली घेऊ

"तुम्ही फक्त सांगा बुवा, शीट कुठली घेऊ? अठरा मिलिमीटरची, की पंचवीसची?"

भास्कर हे तिसऱ्यांदा विचारत होता. अंतूबुवा तडकलेल्या टाइल्सकडे बघत होते.

आमच्या घाटमाथ्यावरच्या दवाखान्याचा वरचा मजला जुना, लाकडी. तिथे बाळंतिणींची खोली करायची, म्हणजे जमीन धुता यायला हवी. तुळयांवर प्लायवूड आणि त्यावर टाइल्स, असं काम भास्करने घेतलं. दोनदा बसवल्या, दोनदा तडकल्या. पहिल्यांदा दोष प्लायचा, दुसऱ्यांदा मिस्त्रीचा. "नाचता येईना अंगण वाकडं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि निक्षून सांगून गेल्या, आता तडकल्या तर खोली बंद. मग बायकांनी कळा सोसत तीस किलोमीटर घाट उतरायचा. मी इथला कंपाउंडर. त्या घाटात जन्मलेली दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत.

अंतूबुवा हे भास्करचे गुरू. पन्नास वर्षं सुतारकी केली, मग रंधा खाली ठेवला नि नदीकाठच्या मठीत जाऊन बसले. भास्करकडे आता स्वतःची गाडी, हाताखाली सहा माणसं, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच: माल भारी हवा.

"काम केलं कोणी?" बुवांनी विचारलं.

"लिंबाजीने. हाकलून दिलं त्याला."

"बोलाव."

"त्याला कशाला?"

"शीट उचलायला. मला म्हाताऱ्याला उचलवत नाही."

लिंबाजी आला. भास्करने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

भिंतीला तीन शीट टेकवून ठेवल्या होत्या. एक मागच्या कामातली उरलेली, भास्करने शिव्या घालून बाजूला टाकलेली. दोन नव्या, शहरातून आणलेल्या, एकीहून एक जाड. एका कोपऱ्यातलं जुनं सगळं उखडून तुळया उघड्या केल्या होत्या.

"तू खाली जा," बुवा भास्करला म्हणाले. "आम्ही वर चालतो. तू ऐक."

"ऐकून शीट कळते?"

बुवांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

भास्कर आणि मी खालच्या खोलीत माना वर करून उभे राहिलो. डोक्यावर फळ्यांची तक्तपोशी, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं.

वर शीट टाकल्याचा आवाज झाला. पावलं निघाली. कर्र... कर्र... फटीतून धूळ गळली ती नेमकी भास्करच्या डोळ्यात.

"ही नको," तो डोळा चोळत ओरडला. "हीच ती फुसकी."

वर थोडी ओढाओढ झाली.

मग काहीच नाही...

"बुवा, चाला की."

"चालतोय," वरून आवाज आला. "दोघंही."

माझ्या अंगावर काटा आला. डोक्यावर दोन माणसं चालत होती आणि जमीन हूं की चूं करत नव्हती. गाभाऱ्यात शिरल्यावर होतं तसं झालं मला, तोंडातून शब्द काढावासा वाटेना. भास्करनेही आवाज खाली आणला.

"हीच," तो कुजबुजला. "सगळ्यांत जाड ती. मी म्हणालोच होतो."

दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो वर गेला. मी मागोमाग.

दोन्ही नव्या शीट भिंतीलाच टेकून होत्या. वरचा कागदसुद्धा फाटला नव्हता.

बुवांच्या आणि लिंबाजीच्या पायाखाली ती फुसकीच होती. फक्त फिरवलेली. भास्करने मागे दोन्ही वेळा लाकडाच्या रेषा तुळयांना समांतर ठेवल्या होत्या. आता त्या तुळयांवरून आडव्या जात होत्या.

भास्कर गुडघ्यांवर बसला. रेषांवरून हात फिरवत राहिला...

"पहिल्याच दिवशी बोललो होतो शेट," लिंबाजी हळूच म्हणाला. "आडवी घालू म्हणून. तुम्ही म्हणला, कापाकापी वाढतीय, अक्कल शिकवू नको."

मला ते आठवलं. मी तेव्हा जिन्यातच होतो आणि हसलो होतो. आता त्याची फार लाज वाटली.



"बुवा," शेवटी भास्कर मान न उचलता म्हणाला, "मग शीट कुठली घेऊ?"

अंतूबुवा शीटवरून उतरून बाजूला झाले. लिंबाजी एकटाच उभा राहिला.

"परत खाली जा," बुवा म्हणाले. "आता लिंबाजी एकटा चालेल. तू ऐक."