आगफुलीचा पाला

ही गोष्ट फार जुन्या काळची. ती ज्या गावात घडली ते गाव नेमकं कुठे होतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही. डोंगरावरून उतरणाऱ्या एका ओढ्याच्या काठी ते वसलेलं होतं, एवढं मात्र नक्की.

हा ओढा हिवाळाभर खळखळत असे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटून जाई. आदल्या उन्हाळ्यात तर गावाचे फार हाल झाले होते. तहानेने गुरं दगावली. काही माणसं दाराला कड्या घालून गाव सोडून गेली, ती परत आलीच नाहीत. म्हणून यंदा थंडी पडताच पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं.

"ओढ्याला बंधारा घालायचा," पाटील म्हणाले. "धार बारीक व्हायच्या आत तो पुरा झाला पाहिजे, नाहीतर अडवायला पाणीच उरणार नाही. घरटी एक माणूस कामाला येईल. आजारी माणूस सोडला तर कुणालाही सूट नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम सुरू झालं. पहाटेच्या गारठ्यात चिखलात उतरायचं, दगड वाहायचे, माती टाकायची. काम अवघड होतं, पण बंधारा रोज थोडा थोडा वर येत होता.

माती वाहायला टोपल्या लागत. त्या विणून द्यायचा गेनू. तो आणि त्याची बायको साळू काही वर्षांपूर्वी कुठून तरी दुरून येऊन गावाच्या कडेला झोपडी बांधून राहिले होते. गेनूच्या हातांवर पांढुरके, खरखरीत चट्टे होते. ते फार जुने होते. पण त्याच्या टोपल्या इतक्या पक्क्या असत, की ओल्या मातीने भरल्या तरी त्यांचं बूड सुटत नसे.

याच गावात गिरजा नावाची वैद्यीण राहत होती. औषधपाण्याची विद्या तिला आईकडून मिळाली होती. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ कोंडिबा अगदी लहान होता. त्याला तिनेच वाढवलं. तो आता चांगला दांडगा झाला होता. हुशार होता, बोलण्यात गोड होता, पण अंगमेहनतीचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडे.

ओढ्याकाठच्या चिखलात एक रोप उगवायचं. पोकळ देठ, कोथिंबिरीसारखी कातरलेली पानं आणि वर इवलीशी पिवळी फुलं, तेल लावल्यासारखी चमकणारी. गावात त्याला आगफुली म्हणत. पोरं ते तोडायला जात नसत, कारण त्याचा रस अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी लाल होई. गुरंसुद्धा हिरव्या आगफुलीला तोंड लावत नसत. मात्र तीच आगफुली गवताबरोबर कापून उन्हात कडक वाळवली, की गुरं ती निमूट खात आणि त्यांना काही होत नसे. वाळताना तिच्यातली आग निघून जाते, हे गिरजाच्या आईने पाहून ठेवलं होतं आणि लेकीला शिकवलं होतं.

म्हाताऱ्या माणसांचे गुडघे थंडीत आखडले, की गिरजा आगफुलीचा ओला पाला वाटून फडक्यातून गुडघ्यावर ठेवी. स्वतः जवळ बसून राही. ऊब लागून चुरचुरू लागलं, की लगेच पाला काढून गुडघा धुऊन टाकी. म्हातारी माणसं आशीर्वाद देत चालत घरी जात. पाला आणून देण्याचं काम कोंडिबाचं होतं.

"जास्त वेळ राहिला तर फोड येतात," ती त्याला पुन्हा पुन्हा बजावी. "हात लगेच धूत जा."

बंधारा अर्धा झाला, तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातून गिरजाला बोलावणं आलं. एक बाळंतीण अडली होती. गिरजा गेली आणि आई-मूल दोन्ही सुखरूप असल्याची खात्री होईपर्यंत तिथेच राहिली.

ती परतली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, तरी बंधाऱ्यावर मोजकीच माणसं दिसत होती. त्यात बायाच जास्त. गावाच्या कडेला आली, तर गेनूच्या झोपडीच्या जागी राख पडलेली.

"हे काय झालं?" तिने वाटेत भेटलेल्या एका म्हातारीला विचारलं.

"अगं, गावात रोग शिरलाय," म्हातारी कुजबुजली. "बाप्यांच्या हातांवर फोड उठताहेत. आधी एकाला आले, मग रोज नव्याला. गेनूच्या टोपल्यांमधून आला म्हणतात. त्याचे हात पाहिलेत ना तू? पोरांनी झोपडी पेटवली. नवराबायको डोंगरावर पळाली."

"गेनूचे चट्टे लागट नाहीत! मी कितीदा त्याचे हात हातात घेतलेत."

"तू नव्हतीस ना गं इथे," म्हातारी म्हणाली आणि खाली बघून निघून गेली.

गिरजा घरी आली. कोंडिबा अंथरुणावर पडला होता. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. तिने ते सोडून पाहिलं. कातडी लाल झाली होती आणि तिच्यावर पाण्याने भरलेले फोड होते. घरोघर फिरून तिने बाकीचे आजारी पाहिले. सगळे धडधाकट पुरुष. सगळ्यांचे फोड डाव्या हाताला नाहीतर पायाला. रोजच्या कामाचा उजवा हात एकाचाही बिघडलेला नव्हता. ज्या बाया दिवसभर गेनूच्या टोपल्या डोक्यावर वाहत होत्या, त्यांना काहीच झालेलं नव्हतं.

मग ती ओढ्यावर गेली. जिथे आगफुली दाट माजलेली असायची, तिथे नुसते देठ उभे होते. पाला ओरबाडून नेलेला.

गिरजा काठावरच्या दगडावर बसली. ओढ्याची धार किती बारीक होत चालली आहे, हे तिला दिसत होतं. या पाल्याने फोड येतात आणि किती वेळात येतात, हे गावात दोघांनाच नीट ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरा कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ज्याला तिने आपल्या ताटातला घास भरवला होता, त्याचं नाव आता तिला साऱ्या गावापुढे घ्यावं लागणार होतं.

ती घरी आली. "कोंडिबा, ओढ्यावरचा पाला कुणी खुडला?"

"मला काय ठाऊक? गुरांनी खाल्ला असेल."

"ओला पाला गुरं खात नाहीत."

कोंडिबाने कूस बदलली. मग हळूच म्हणाला, "अक्का, आता कशाला वाढवतेस? फोड काही दिवसांत सुकतील. आणि गेनू काय, परका माणूस. तो जाईल दुसऱ्या गावाला."

"त्याचं घर जाळलं रे!"

"मी नाही जाळलं. तसं होईल असं वाटलं तरी होतं का मला?" त्याचा आवाज चढला. "गारठ्यात दगड उचलायचा कंटाळा आला होता, म्हणून केलं. मग मित्रांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं. अक्का, मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर आधी तुला विचारलं," गिरजा म्हणाली. "उद्या सकाळी मी चावडीवर जाणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर मला बरं वाटेल."

सकाळ झाली. कोंडिबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गिरजा एकटीच चावडीवर गेली.

"हा रोग नाही," तिने सांगितलं. "आगफुलीचा पाला बांधून आणलेले फोड आहेत. गेनूचा त्यात काही दोष नाही."

लोक हसले. "स्वतःची कातडी कोण जाळून घेईल?" एक जण म्हणाला.

हाताला फडकं बांधलेला दुसरा चिडून म्हणाला, "आमच्या दुखण्याला खोटं म्हणतेस? दाखव पुरावा!"

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "गिरजाबाई, तुमच्या शब्दाला मान आहे. पण एवढ्या माणसांना लबाड ठरवायचं, तर नुसत्या शब्दावर कसं भागेल?"

गिरजाने ओटीतून आगफुलीचा पाला काढला. ओढ्याच्या दूरच्या वळणावर राहिलेला थोडासा तिला मिळाला होता. सर्वांसमोर तिने तो दगडावर ठेचला, आपल्या डाव्या हातावर थापला आणि वर फडकं घट्ट बांधलं.

"मी इथेच बसते," ती म्हणाली. "गेनूची टोपली माझ्या जवळपास नाही. संध्याकाळी फडकं तुम्हीच सोडा."

ती चावडीच्या पायरीवर बसली. आधी हाताला ऊब लागली, मग चुरचुर. या वेळेला ती दुसऱ्या कुणाचाही पाला काढून टाकत असे. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा हातावर निखारा ठेवल्यासारखं वाटू लागलं. तिचे ओठ कोरडे पडले, कपाळावर घाम डवरला.

"बाई, पुरे आता, धुऊन टाका," पाटील म्हणाले.

"नाही. अर्ध्यावर काढला, तर उद्या पुन्हा कुणीतरी म्हणेल की खरं काय ते कळलंच नाही."

लोक जाईनासे झाले. कुणी तिला पाणी दिलं. हातांना फडकी बांधलेली माणसं मात्र एकमेकांच्या नजरा चुकवू लागली.

ऊन कलायला लागलं, तेव्हा गर्दी बाजूला सारत कोंडिबा पुढे आला. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघताच तो जागीच थबकला. आपण पाला किती थोडा वेळ ठेवला होता, हे त्याला माहीत होतं. ती सकाळपासून बसली होती.

"अक्का, सोड ते!" तो ओरडला. तिच्या पायाशी बसून त्याने फडकं सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत हात फोडांनी भरला होता. अगदी तसेच फोड, फक्त जास्त मोठे.

कोंडिबा गावाकडे वळला. "मीच शिकवलं सगळ्यांना. काम चुकवायला. गेनूच्या टोपल्यांचं नाव निघालं, तेव्हा मी गप्प राहिलो. पेटती चूड नेताना मी पाहिली आणि तरी गप्प राहिलो."

मग एकेक जण पुढे येऊन हाताचं फडकं सोडू लागला.

पाटलांचा संताप अनावर झाला. "या सगळ्यांना गावाबाहेर काढा!"

"काल भीतीने एकाला हाकललंत," गिरजा ओला कपडा हातावर धरत म्हणाली. "आज रागाने आणखी काहींना हाकलाल. मग बंधारा कोण बांधणार? त्यांना कामाला लावा. आणि गेनूकडे आपण सगळ्यांनी जायला हवं. झोपडी काही फोडांनी पेटली नव्हती."

पाटलांनी आपला हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सगळं गाव डोंगर चढलं. गेनू आणि साळू एका कपारीत राहत होते. पाटलांनी पागोटं काढून क्षमा मागितली.

"तुमची माफी घेऊन मी काय करू?" गेनू म्हणाला. "साळूने रचलेली एकेक काडी तुम्ही जाळलीत. मी वैद्यीणबाईंच्या शब्दाखातर टोपल्या देईन. राहायला मात्र येणार नाही."

"बरोबर आहे तुझं," गिरजा म्हणाली. "नको येऊस."

कोंडिबा मात्र त्या दिवशी सगळ्यांबरोबर खाली उतरला नाही. त्याने डोंगरावरचे बांबू तोडून गेनूपाशी आणले. पुढचे कितीतरी दिवस तो राबत राहिला. दिवसभर बंधाऱ्यावर दगड उचलायचा, उजेड आहे तोवर गावाच्या कडेला गेनूच्या जुन्या जागेवर भिंत रचायची. बरोबरीच्या पोरांनीही हात लावला. गेनू वरून पाहत असे. एकदा तो खाली आला, कोंडिबाने बांधलेला बांबूचा कूड हलवून बघितला आणि म्हणाला, "असा बांधलास तर वाऱ्याने पडेल. सरक, मी दाखवतो."

ओढ्याची धार करंगळीएवढी व्हायच्या आत बंधाऱ्याचं तोंड बुजवलं गेलं. पाणी साचलं. त्या उन्हाळ्यात गावातलं एकही जनावर तहानेने मेलं नाही आणि एकाही घराला कडी लागली नाही. गेनू आणि साळू नव्या घरात राहायला आले. गेनूच्या हातांवरचे चट्टे काही गेले नाहीत, पण आता लोक त्याच्या हातून टोपली घेताना मागे सरत नसत.

गिरजाच्या हातावरची खूण जन्मभर राहिली. आगफुलीचा पाला आणायला ती पुन्हा कोंडिबालाच पाठवू लागली. तो आणलेला पाला तिच्यासमोर ठेवी, हात धुई आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यावरून पाला वेळेवर निघेपर्यंत शेजारी बसून राही.

या गोष्टीचा बोध एवढाच: आपल्या विद्येचा कुणी खोटा वापर केला, तर तो आपला माणूस असला तरी सत्य सांगावं, आणि त्या सत्याची झळ आधी स्वतः सोसावी.