सहा हजार वेढे

एकदा एका माणसाने आपल्या मेलेल्या मुलीची अर्धवट राहिलेली गिटार पुरी करायला घेतली. कथा एवढीच आहे आणि ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण दृष्टांत म्हटला की लोक पाय पसरून बसतात आणि शेवटी काहीतरी गोड हाती लागेल म्हणून वाट पाहतात.

माणसाचे नाव श्रीपती. तालुक्याच्या गावी त्याचे जळालेल्या मोटारी भरून देण्याचे दुकान होते. विहिरीवरचा पंप असो की गिरणीची मोटार, आतली काळी पडलेली तांब्याची तार तो काढून टाकी आणि वेढ्यावर वेढा देत नवी भरी. त्याने भरलेली मोटार पुन्हा जळून आली असे सहसा होत नसे. कामाशिवाय तो बोलत नसे, आणि घरात तर कामही नसे.

त्याची मुलगी प्रणाली बावीस वर्षांची होती. विजेची गिटार स्वतःच्या हातांनी घडवायची, असा तिने ध्यास घेतला. ही गिटार आतून पोकळ नसते. ती एक भरीव फळी असते आणि तिच्यात तारांच्या खाली तांब्याच्या बारीक तारेची एक कॉइल बसवलेली असते. ती कॉइल तारांचे कंपन टिपते आणि स्पीकरकडे पाठवते. प्रणालीने मोडीत निघालेल्या सागवानी दाराची फळी मिळवली, करवतीने तिला आकार दिला, दांडी जोडली, खुंट्या बसवल्या. कॉइल मात्र तिला जमेना. केसाएवढ्या तारेचे सहा हजार वेढे द्यायचे आणि मध्ये एकदाही तार तुटू द्यायची नाही. ते काम सफाईने करू शकेल असा माणूस त्या गावात एकच होता, आणि तो रोज तिच्याच शेजारी जेवायला बसत होता.

"बाबा, एवढी एक कॉइल भरून द्या ना," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकांच्या मोटारी पडल्यात," श्रीपती म्हणाला. "असली थेरं करायला वेळ नाही मला."

तिने तीनदा विचारले, चौथ्यांदा विचारले नाही. पुढे श्रावणात तिला ताप भरला. सहा दिवस ती दवाखान्यात होती आणि सातव्या दिवशी गेली.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीपतीने दुकान उघडले, गिऱ्हाइकांच्या मोटारी बाजूला सारल्या आणि ती कॉइल भरली. एका बैठकीत सहा हजार वेढे दिले. तार एकदाही तुटली नाही. त्याची बायको मालन डबा घेऊन आली होती. ती दारात उभी राहून बघत होती.

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि डबा ठेवून निघून गेली.

लाकडातले श्रीपतीला काही कळत नव्हते. फळी खरबरीत होती आणि दांडीवरचे पडदे, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवायचे राहिले होते. म्हणून तो दस्तगीरचाचांकडे गेला. चाचा तंबोरे आणि सतारी करीत. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू झालेली, कान मात्र शाबूत. अशा कथांतले म्हातारे फार बोलतात असा माझा अनुभव आहे. हे फारसे बोलत नसत, म्हणून मला आवडतात. त्यांनी फळीवरून बोटे फिरवली.

"मी करून देऊ, की तू करणार?"

"मीच करणार."

"मग पायताण काढ आणि बस."

अशा रीतीने बावन्नाव्या वर्षी श्रीपती शिष्य झाला. दुपारी दुकान बंद ठेवून तो चाचांकडे जाई. काचकागदाने फळी घासायची, ओल्या फडक्याने पुसायची, लाकडाचे तंतू उभे राहिले की पुन्हा घासायची. मग लाखेच्या पॉलिशचा हात द्यायचा आणि तो सुकेपर्यंत वाट बघायची. पहिले चार हात दिल्यावरही फळी रुक्षच दिसत होती. श्रीपतीने तक्रार केली.

"हे बघायला नसतात," चाचा म्हणाले. "लाकूड पिऊन घेतं. त्याचं भागलं की वर दिसायला लागतं."

सात महिने असे गेले. श्रीपतीने मनाशी एक धरून ठेवले होते, आणि एकदा घासता घासता ते तो बोलूनही गेला. मुलगी जो आवाज ऐकायचा म्हणून दीड वर्ष खपली, तो एकदा निघाला पाहिजे. तो निघाला की आपण तिला जे दिले नाही ते दिल्यासारखे होईल.  चाचांनी फळीवर राहिलेला एक ओरखडा दाखवला.

शेवटी फळी मधासारखी झळकू लागली. चाचांनी तारा चढवल्या आणि कानाने सूर जुळवले. श्रीपतीने गिटार बाकावर ठेवली, वायर जोडली, स्पीकरचे बटण दाबले. आणि तार छेडण्याआधीच त्यातून एक घोगरा, सलग आवाज सुरू झाला: घूंऽऽ. दूर कुठेतरी गिरणी चालू असावी तसा. श्रीपतीने पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने तार छेडली. सूर निघाला, पण त्याच्या खाली ती घरघर होतीच. सूर विरला तरी ती राहिली.

"माझी कॉइल चुकली," श्रीपती म्हणाला.

त्याने ती काढली, सगळे सहा हजार वेढे उकलले आणि नव्या तारेने पुन्हा भरली. घरघर तशीच होती. त्याने कथलाचे सगळे डाग पुन्हा दिले, वायरी बदलल्या, मीटर लावून एकेक जोड तपासला. मीटरला कुठेही दोष सापडेना. एकूण चार वेळा त्याने कॉइल उकलून पुन्हा भरली. या काळात तो जेवेनासा झाला. दुकानात आलेल्या मोटारी तशाच पडून राहिल्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावी जाऊ लागले. चौथ्या वेळीही घूंऽऽ ऐकू आले तेव्हा त्याने स्पीकर बंद केला आणि पिशवीतून मोठी पक्कड काढली.

"काय करतोस?" चाचांनी विचारले.

"तारा तोडतो आणि ही जाळून टाकतो. लाकूड तिचं होतं, ते चांगलं होतं. बिघाड माझ्या कामात आहे. ती मागत होती तेव्हा दिलं नाही. आता देतोय, तर ती घेत नाही."

चाचा उठले. त्यांनी पक्कड मागून घेतली आणि मांडीखाली सारून पुन्हा बसले. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली.

"स्पीकर चालू कर. आणि दाराशी जाऊन उभा राहा."

श्रीपती दाराशी गेला. घरघर होती, पण मंद.

"आता इकडे ये. बाकापाशी. वाक तिच्यावर, रोज बघतोस तसा. हात लावू नको."

श्रीपती जवळ आला, वाकला. आवाज वाढला. त्याने चमकून चाचांकडे पाहिले. चाचांनी त्याला पुन्हा दाराशी पाठवले, पुन्हा बोलावले. तो दूर गेला की आवाज उतरे, जवळ आला की चढे. असे तीनदा झाल्यावर चाचांनी त्याचे मनगट धरले. श्रीपतीने हात आखडून घेतला. तीस वर्षे विजेत काम केलेला माणूस. चालू वस्तूला उघडा हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात भिनलेले. पहिल्या दिवशी आणि त्यानंतरच्या चारही खेपांत, गिटार चालू असताना त्याने तारांना एकदाही बोट लावले नव्हते.

"काही होत नाही. मी हात लावून बघितलाय," चाचा म्हणाले, आणि त्याचा तळवा त्यांनी तारांवर टेकवला.

घरघर बसली. खोलीत रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली.

"श्रीपती," चाचा म्हणाले, "विजेचं मला काही कळत नाही, मला फक्त ऐकू येतं. तुझ्या कॉइलमध्ये पहिल्या दिवसापासून दोष नव्हता. हा आवाज तू आणतोस. जवळ येतोस, वाकतोस, आणि हात लावत नाहीस, त्याचा हा आवाज आहे. मी लवकर सांगितलं असतं तर तू वायरीत काहीतरी करून तो बंद केला असतास, आणि हे तुला ऐकूच आलं नसतं."

 श्रीपती जे बोलला ते गिटारीबद्दल नव्हते.

"दवाखान्यात सहा दिवस मी तिच्या खाटेपाशी उभा होतो, चाचा. रात्रंदिवस. सगळे म्हणत होते, बाप बघा कसा उभा आहे. मी हात नाही लावला. सलाईनला धक्का लागेल असं वाटलं. आणि मोठी झालेली मुलगी. तिची दहावी झाली तेव्हापासून मी तिच्या डोक्यावरसुद्धा कधी हात ठेवला नव्हता. तो कसा ठेवायचा तेच विसरलो होतो. ती बघायची माझ्याकडे. मला वाटायचं, पाणी हवं असेल."

इथे एखाद्या दुसऱ्या म्हाताऱ्याने सांगितले असते की तुझ्या मुलीला सगळे समजले होते, ती जिथे असेल तिथून बघते आहे. चाचांनी तसे काही सांगितले नाही. त्यांनी स्वतः दोन मुलगे पुरले होते.

"ते आता तसंच राहणार," ते म्हणाले. "त्याला कारागीर नाही. ही गिटार वाजली म्हणून तिला काही पोचत नाही. तुला पोचलं ते घेऊन घरी जा."

श्रीपती संध्याकाळपर्यंत तसाच तारांवर हात ठेवून बसला. त्याला एकही सूर वाजवता येत नव्हता. शेवटी चाचांना दुकान बंद करायचे होते, म्हणून त्याला हात उचलावा लागला. हात उचलताच आवाज पुन्हा सुरू झाला, आणि चाचांनी बटण बंद केले.

तो घरी आला. मालन स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिची पाठ दाराकडे होती. मुलगी गेल्यापासून नऊ महिने ती दोघे त्या घरात एकमेकांना चुकवीत वावरत होती. तो आला की ती उठे, ती आली की तो दुकानात जाई. आज तो उंबऱ्यात थांबला नाही. तो तिच्या मागे जाऊन खाली बसला आणि त्याने तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

तिचे बोट तांदळात थांबले. तिने मागे वळून पाहिले नाही.

"तिच्या वेळी कुठं होता हा हात?" ती म्हणाली.

 मालन रडू लागली. खांदा झटकून तो हात दूर करायचा तिने एकदा प्रयत्नही केला. श्रीपतीने हात तिथेच ठेवला.