सगळ्यात वरची पैठणी

त्र्यंबकशेठ म्हणजे येवल्याच्या पैठणी बाजारातलं बडं प्रस्थ. त्यांनी ऑनलाइन दुकान थाटलं आणि ते सांभाळणाऱ्या सुनेला, शर्वरीला, बजावलं, "पानावर सगळ्यात महागडी पैठणी सगळ्यात वर. लोक दिपले पाहिजेत!"

लोक पान उघडत होते, पण घेत कुणीच नव्हतं. "येतात नि जातात कुठे?" शेठ चक्रावले. "बंदच कर ते!"

तेवढ्यात दुकानातल्या गादीवर एक बाई येऊन बसल्या. शेठ साध्या पैठण्या उलगडू लागले, तोच शर्वरीने कपाटातली सगळ्यात महागडी काढून पुढ्यात पसरली. किंमत ऐकताच बाई चपला घालून चालत्या झाल्या.

"अगं, ही कुणी आधी दाखवतं का?" शेठ कडाडले. "पळवलंस ना गिऱ्हाईक!"

"ऑनलाइनही असंच पळतं, बाबा. फक्त चपलांचा आवाज येत नाही."